हजारे आमचे की बडोद्याचे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नंदुरबारला हिवाळ्यात मिरचीच्या पथाऱ्या पडतात. लांबच लांब लाल मैदान दिसते आणि वाऱ्याची झुळूक आली की डोळ्यांना धारा लागतात. माझे आजोबा अशाच एका व्यापाऱ्याकडे मुनीम होते. सारा गाव त्यांना आप्पा म्हणे. दुपारची आवराआवर झाली की आप्पा आणि त्यांचे शेठ चहा घेत क्रिकेटवर बोलायला बसत, आणि बोलण्याचे भांडण व्हायला फार वेळ लागत नसे. शेठची सासुरवाडी व्याऱ्याची. व्यारा म्हणजे जुन्या बडोदे संस्थानातले गाव, आमच्याच तापी व्हॅली रेल्वेवर, नवापूरच्या पलीकडे.

भांडणाचा विषय ठरलेला असे. विजय हजारे कोणाचे?

"हजारे तर आमचे," शेठ म्हणत.

"शेठ, पोर आमचं. तुम्ही फक्त जेवू घातलंत."

"मग तुम्ही का नाही घातलंत, आप्पा?"

यावर आप्पा गप्प बसत आणि चहाची बशी जरा जोरात खाली ठेवत. मी सात-आठ वर्षांचा असेन. हजारे बडोद्याला जाऊन तेव्हा पंचवीस वर्षे उलटली होती, पण आप्पांचा राग कालचा वाटावा असा ताजा होता.

तो राग समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते. रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात 'महाराष्ट्र' नावाचा संघ उतरला. महाराष्ट्र राज्य जन्माला यायला तेव्हा २६ वर्षे अवकाश होता. आम्ही पश्चिम खानदेश जिल्ह्यात, मुंबई इलाख्यात. मराठी मुलखाचे नाव लावून कुणीतरी कुठेतरी जिंकते आहे, ही गोष्टच आप्पांच्या पिढीला केवढी मोठी वाटत असेल! मैदान त्यांनी पाहिलेले नव्हते. पुण्याहून टपालाने 'केसरी' यायचा, त्यातला मजकूर चार जणांत मोठ्याने वाचला जायचा, तेवढाच त्यांचा सामना.

संघाचे कर्णधार प्रा. दि. ब. देवधर. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारा हा माणूस पन्नाशीला टेकला तरी मैदान सोडायला तयार नव्हता. १९४०-४१ मध्ये मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ धावा केल्या. मुंबईच्या ६५० ला महाराष्ट्राने ६७५ ने उत्तर दिले. त्या मोसमाचा आणि त्याआधीच्या, १९३९-४० चा, असे दोन रणजी करंडक महाराष्ट्राने लागोपाठ जिंकले.

या संघाचा कणा होते विजय सॅम्युअल हजारे. जन्म सांगलीचा, ११ मार्च १९१५ चा. शिक्षकाच्या घरातले, मराठी ख्रिस्ती कुटुंबातले. मितभाषी आणि खेळात कमालीचे शांत. १९३९-४० मध्ये त्यांनी पुण्यात नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाचे हे पहिले त्रिशतक. नगरवालांबरोबर नवव्या विकेटसाठी त्यांनी २४५ धावा जोडल्या. आणि समोरचा संघ कोणता होता? बडोदा.

बडोद्याच्या गोलंदाजांनी त्या दिवशी काय भोगले असेल ते असो, पण बडोद्याच्या दरबाराने योग्य तो धडा घेतला असे म्हणायला हरकत नाही. १९४१-४२ च्या मोसमात हजारे बडोद्याकडून खेळायला लागले. महाराजा प्रतापसिंहराव गायकवाड गादीवर होते आणि हजारे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले.

आप्पा सांगत की ही बातमी आली तेव्हा गावातल्या क्रिकेटवेड्यांनी ती दोनदा वाचली. कुणी म्हणाले, राजाने विकत घेतला. कुणी म्हणाले, देवधरांशी बिनसले असणार. या दुसऱ्या तर्काला काही आधार होता असे मला कुठे आढळलेले नाही. पण आवडता खेळाडू गेला की चाहत्यांना भांडण शोधावेच लागते. नोकरी हे कारण त्यांना फार साधे वाटते.

वास्तविक कारण इतके साधेच होते. त्या काळी रणजी खेळून पोट भरत नसे. ज्याच्या घरी इस्टेट नाही त्याने नोकरी करायची आणि साहेबाने रजा दिली तर खेळायचे. रजेची कटकट नसलेली नोकरी संस्थानिकांकडेच मिळे. नागपूरचे सी. के. नायुडू १९२३ मध्येच इंदूरला होळकरांकडे गेले होते आणि पुढे त्यांच्या होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. मुंबईत पुढे टाटा, एसीसी, बँका, रेल्वे यांनी खेळाडूंना हाताशी धरले. पुण्यात तशी सोय त्या प्रमाणात नव्हती. शेठच्या प्रश्नाला आप्पांकडे उत्तर नव्हते ते यामुळे.

आणखी एक गोष्ट आप्पा सोयीने विसरत. विनू मांकड मूळचे जामनगरचे. ते १९४३-४४ मध्ये महाराष्ट्राकडून खेळले, तेव्हा त्यांना कुणी परत जा म्हटले नाही. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर बडोद्याकडूनही खेळलेले. त्यांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्रासाठी काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा ठोकल्या. ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊ कमी असताना काठेवाडने सामनाच सोडून दिला. त्या नऊ धावांची हळहळ आप्पांना जन्मभर होती. पण हेच निंबाळकर नंतर होळकर, रेल्वे आणि राजस्थानकडूनही खेळले, हे ते कधी काढत नसत. येणाऱ्याची जमा मांडायची आणि जाणाऱ्याची उधारी, असा मुनीमजींचा हिशेब.

'आमचा' या शब्दाची खरी गंमत मात्र डिसेंबर १९४३ मध्ये झाली. मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर पंचरंगी सामन्यांची अंतिम लढत होती. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि या चौघांत न बसणारे ते 'शेष', असे धर्मावर बेतलेले पाच संघ. सांगलीचे मराठी हजारे ख्रिस्ती म्हणून शेष संघात. समोर हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. शेष संघ पहिल्या डावात १३३ वर आटोपला, हजारे ५९. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७, त्यांपैकी एकट्या हजाऱ्यांच्या ३०९! भाऊ विवेक याच्याबरोबर ३०० धावांची भागी झाली, तीत विवेकचा वाटा २१. सामना हिंदू संघानेच डावाने जिंकला.

आप्पा म्हणत, "मला हिंदू जिंकायला हवे होते, पण हजारे बाद व्हायला नको होते." बडोद्याला गेल्याबद्दल दोन वर्षे शिव्या घातलेला माणूस धर्माने पलीकडे उभा राहिला तेव्हा पुन्हा आपला झाला. हे सामने १९४६ नंतर बंद पडले, ते बरे झाले.

बडोद्यात हजाऱ्यांनी काय केले ते शेठ पाढ्यासारखे म्हणत. १९४२-४३ मध्ये बडोद्याचा पहिला रणजी करंडक. मार्च १९४७ मध्ये होळकरविरुद्धच्या अंतिम सामन्यात गुल महंमद ३१९ आणि हजारे २८८, चौथ्या विकेटसाठी ५७७. कोणत्याही विकेटसाठीचा हा जागतिक उच्चांक २००६ मध्ये संगकारा आणि जयवर्धने यांनी मोडला. हजारे खेळत असताना बडोद्याने चार वेळा रणजी जिंकली. भारताचा पहिला कसोटी विजय, फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला, त्यांच्याच नेतृत्वाखाली आला. ते बडोद्यालाच राहिले आणि १८ डिसेंबर २००४ रोजी तिथेच वारले.

हे सारे मला आप्पांच्या भांडणातून ठाऊक होते. तरीही माझ्यावर वेळ आली तेव्हा मी आप्पांसारखाच वागलो. १९८० नंतरची गोष्ट. मी महाविद्यालयात शिकवत होतो आणि क्रिकेट संघ माझ्याकडे होता. तेव्हा आमची महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातला एक डावखुरा गोलंदाज मुलगा आमच्याकडे होता. दुसऱ्या वर्षाला तो पुण्याच्या एका महाविद्यालयात गेला. जिमखान्याच्या फळ्यावरचा त्याचा फोटो मुलांनी काढून टाकला, मी पाहून न पाहिल्यासारखे केले. पुढच्या मोसमात तो आमच्याविरुद्ध खेळला. त्याच्या प्रत्येक चेंडूला आमच्या पोरांनी हुर्यो उडवली. त्याने पाच बळी घेतले. सामना संपल्यावर तो पाया पडायला आला, तेव्हा मी मॅटिंग गुंडाळायला मुलांना हाका मारत पुढे निघून गेलो.

तिकडे त्याला खोली आणि दोन वेळची मेस मिळत होती. आमच्याकडे असताना तो रोज एसटीने ये-जा करी आणि सरावाच्या दिवशी दुपारचे जेवण करीत नसे. हे मला दोन वर्षांनी त्याच्या गावच्या मास्तरांकडून कळले. मीही त्याला कधी विचारले नव्हते.

आता संघ बदलण्यात नवल उरलेले नाही. वसीम जाफर मुंबई सोडून विदर्भाकडे गेला आणि विदर्भाने २०१७-१८ व २०१८-१९ असे दोन रणजी करंडक जिंकले. पहिला तर इंदूरच्या होळकर स्टेडियमवर! नागपूरने इंदूरला नायुडू दिले होते, त्याची ही परतफेड शेठ असते तर त्यांनी नक्की व्याजासकट मोजली असती. एप्रिल २०२५ मध्ये यशस्वी जैस्वालने गोव्याकडे जायची परवानगी मागितली आणि पुढे बेत बदलला, तर पृथ्वी शॉ त्याच वर्षी मुंबईहून महाराष्ट्राकडे आला. त्या दिवशी स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर दोन पोरे बोलत होती. "आता तो आपला शे," एक जण म्हणाला. आदल्या वर्षी त्यानेच त्याची यथेच्छ टिंगल केलेली मी ऐकली होती.

देशातली एकदिवसीय स्पर्धा आज विजय हजारे यांच्या नावाने खेळली जाते. दुसरी एक देवधरांच्या नावाने खेळली जात असे. महाराष्ट्र त्यानंतर तीनदा रणजीच्या अंतिम सामन्यात हरला, १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये. हजारे गेले त्याच्या आदल्या मोसमातला, १९४०-४१ चा करंडक हा महाराष्ट्राचा आजवरचा शेवटचा.