झिजायचं कुणी? विहिरीवरच्या पंपापासून जेट स्कीपर्यंत, एका रिंगेची गोष्ट

सावेडीतून बोलतोय. पंखा बंद केलाय, कारण माइकमध्ये त्याची घरघर येते. त्यामुळे आजचा भाग थोडा घामाघूम होणार आहे.

मागच्या आठवड्यात मालवणहून कॉलेजच्या मित्राचा फोन आला. तो आणि त्याचा भाऊ किनाऱ्यावर एक जेट स्की चालवतात. म्हणाला, "अरे, पंपाची वेअर रिंग गेलीय. प्लॅस्टिकची टाकू का स्टीलची? जी टिकेल ती सांग." आता मी कोड लिहिणारा माणूस, मला का विचारतो? कारण हॉस्टेलवर मी त्याला आमच्या आजोबांच्या पंपाची गोष्ट इतक्या वेळा ऐकवली होती की त्याला ती पाठ झालीय.

तर आधी तीच गोष्ट. आजोबांच्या विहिरीवर पंप होता. एका उन्हाळ्यात मोटर जोरात फिरायची, पण पाइपातून धार मात्र करंगळीएवढी. आजोबांना वाटलं विहीर आटली. मेकॅनिक आला, पंप उघडला आणि म्हणाला, "तात्या, पाणी हाय, इम्पेलर पण शाबूत हाय. रिंग खाल्लीय वाळूनं." पितळी रंगाची, बांगडीएवढी एक रिंग त्यानं आजोबांच्या हातात दिली. आतून पार घासलेली.

ही रिंग करते काय? इम्पेलर पाणी जोरात बाहेर ढकलतो. पण दाबाखालचं पाणी फटीतून मागे पळायला बघतं. ती फट जितकी बारीक, तितकं पाणी पुढे जातं. पण फट बारीक म्हणजे वाळूचा कण आला की घासणार. मग घासायचं कुणी? इम्पेलरनं घासायचं, तर तो महाग. केसिंगनं घासायचं, तर अख्खा पंप गेला. म्हणून मधे एक स्वस्त रिंग बसवायची आणि तिला सांगायचं, बाई, तू झीज. म्हणजे ही रिंग बसवतात तीच मुळी झिजण्यासाठी.

आपल्याकडे पंप आले कसे? लक्ष्मणराव किर्लोस्कर, जन्म 1869. मुंबईत शिकवत होते, बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, मग लोखंडी नांगर केले. 1910 मध्ये औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथेच 1926 मध्ये सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. मोटेचा बैल आणि पंप यांत एक मोठा फरक आहे. बैल थकला की दिसतं. पंप आतून झिजतो तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त धार बारीक होते. आज माझ्या नळाला येणारं पाणीसुद्धा मुळा धरणातून मुळानगर आणि विळदच्या पंपांनी उचलून वसंत टेकडीच्या टाक्यांत येतं. म्हणजे सावेडीतली आंघोळही अशाच बारीक फटींवर अवलंबून आहे.

आता विहिरीवरून समुद्रावर जाऊ. पंपानं पाणी मागे फेकलं की होडी पुढे जाते, ही कल्पना जुनी आहे. 1661 मध्ये इंग्लंडात टूगुड आणि हेज यांनी तिचं पेटंट घेतलं होतं. 1787 मध्ये अमेरिकेत जेम्स रम्सीनं वाफेच्या पंपावर अशी होडी चालवूनही दाखवली. पण खरी चालली ती न्यूझीलंडच्या एका मेंढपाळाच्या हातून. बिल हॅमिल्टन त्याचं नाव. त्याच्या भागातल्या नद्या उथळ आणि गोट्यांनी भरलेल्या. साधा पंखा लावला की तो खडकावर आपटून तुटायचा. 1954 मध्ये त्यानं पंपावर चालणारी होडी पाण्यात उतरवली. सुरुवातीला आपल्या विहिरीवरच्यासारखाच सेंट्रिफ्युगल पंप, नंतर सरळ पाणी ढकलणारा अ‍ॅक्सियल पंप. 1977 मध्ये एडमंड हिलरी अशाच तीन जेट बोटी घेऊन गंगासागरहून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध निघाले आणि थेट नंदप्रयागजवळ धबधब्यानं अडवेपर्यंत गेले. बोटीच्या तळाखाली काहीच लोंबत नव्हतं, म्हणूनच हे जमलं.

हीच युक्ती मोटारसायकलवेड्या क्लेटन जेकबसननं एका माणसापुरत्या वाहनाला लावली. 1968 मध्ये बॉम्बार्डियरची सी-डू आली, 1973 मध्ये कावासाकीची जेट स्की. 'जेट स्की' हे खरं तर एका कंपनीचं नाव, पण आपण 'झेरॉक्स'सारखं सगळ्यांनाच ते लावतो.

पण एक गोष्ट बदलली. विहिरीवरच्या रिंगेजवळ पाण्याची फक्त गळती अडवायची असते. जेट स्कीत इम्पेलरची अख्खी पाती रिंगेच्या आत, मिलिमीटरच्या काही अंशांवर फिरतात. शिवाय तिथे सुकाणू नाही. मागे फेकलेली धार डावी-उजवी वळवली तरच स्की वळते. रिंग झिजली की इंजिन ओरडतं पण जोर लागत नाही. आणि जोर नाही म्हणजे वळणंही नाही. आजोबांचा कांदा एक दिवस उशिरा भिजला असता. इथे पाठीमागे कुणाचा तरी दहा वर्षांचा मुलगा बसलेला असतो.

मग प्लॅस्टिक की स्टील? सी-डूच्या बहुतेक मॉडेलांत बदलता येणारी प्लॅस्टिकची रिंग असते, यामाहाच्या बऱ्याच मॉडेलांत स्टेनलेस स्टीलचं अस्तर असतं. म्हणजे दोन्ही बाजूंना शहाणी माणसं आहेत. प्लॅस्टिकमध्ये खडा घुसला तर रिंगेवर चर पडतो, पात्याची धार बऱ्यापैकी वाचते. स्टीलवर चर सहज पडत नाही, पण खडा दोन धातूंच्या मधे अडकला तर पातं वाकतं. मग वाचवलेल्या रिंगेपेक्षा इम्पेलरचंच बिल मोठं. खाऱ्या पाण्यात स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम गंजायला लागतं. प्लॅस्टिकचीही खोड आहे. नायलॉन पाणी पितो आणि फुगतो, त्यामुळे फट आणखी कमी होते. मोठ्या कारखान्यांतल्या पंपांचाही नियम असाच आहे. दोन घासणारे भाग सारख्याच कडकपणाचे ठेवू नका, नाहीतर ते एकमेकांना धरून बसतात.

म्हणून मित्राला मी तीन प्रश्न विचारले. स्की कुठे चालवतोस? वाळूत, किनाऱ्याजवळ. रिंग बदलायला किती वेळ लागतो? तो म्हणाला, अर्धा दिवस. आणि रिंग गेलीय हे तुला कळलं कधी? यावर तो गप्प बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "परत येताना स्की ओढत नव्हती तेव्हा."

माझं उत्तर असं. वाळूच्या किनाऱ्यावर प्लॅस्टिकची रिंग टाक, आणि एक जास्तीची घरात ठेव. स्टील शोभतं ते खोल, स्वच्छ पाण्यात आणि मोठ्या इंजिनाला. घ्यायचंच असेल तर 316 ग्रेडचं घे, आणि रोज गोड्या पाण्यानं धू. पण रिंगेपेक्षा सवय महत्त्वाची. कमरेपेक्षा कमी पाण्यात इंजिन चालू करू नकोस, निदान तीन फूट पाणी तळाखाली हवंच. किनाऱ्यावरून ढकलत खोल पाण्यात न्यायचं, मग बटण दाबायचं. आठवड्यातून एकदा, इंजिन बंद करून आणि सेफ्टी दोरी काढून, आत बोट फिरवायचं. नखाला चर लागला की फिलर गेजनं फट मोजायची आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघायची. घासल्याची खूण एकाच बाजूला असेल तर दोष रिंगेचा नाही. बेअरिंग ढिलं झालंय, ते आधी बघ. नाहीतर नवी रिंगही महिन्यात तशीच खाल्ली जाईल.

तो म्हणाला, "म्हणजे टिकाऊ रिंग सांग म्हटलं, तर तू झिजणारी सांगितलीस." हो. कारण टिकवायची रिंग नाहीये, टिकवायची स्की आहे, आणि तिच्यावरचा माणूस.

आजोबांनी ती जुनी रिंग फेकली नाही. देवघराच्या कोनाड्यात, उदबत्तीच्या घराशेजारी ठेवली होती. आता ती माझ्या टेबलावर आहे, तिच्यात पेनं उभी राहतात. मित्राला म्हटलं, जुनी रिंग तूही ठेव. पुढच्या वेळी बोट आत फिरवायची आठवण राहील.

चला, पंखा लावतो. पुढच्या भागात भेटू!