परै, परैयर, पारिया

बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला मी इतिहास शिकवतो. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी राजवटीचा भाग चालू होता. जगाने बहिष्कार घातल्यावर त्या राजवटीला इंग्रजी वृत्तपत्रे 'पारिया' राष्ट्र म्हणू लागली, असे मी सांगितले. मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारले, "सर, पारिया म्हणजे?" मी सवयीने म्हणालो, "वाळीत टाकलेला." आणि पुढे गेलो.

संध्याकाळी सहज कोश उघडला. इंग्रजीतला 'पारिया' आणि फ्रेंचमधला 'पारिया' हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे. मूळ तामिळ. परै म्हणजे चामड्याचे वाद्य, आणि ते वाजवणारा तो परैयन, अनेकवचनी परैयर. 'परै'चा दुसरा अर्थ बोलणे, सांगणे असाही आहे, म्हणून काही अभ्यासक वेगळी व्युत्पत्ती मांडतात. पण दवंडी पिटणाऱ्याच्या बाबतीत वाजवणे आणि सांगणे यांत अंतर ते किती? कोश मिटून मी बराच वेळ तसाच बसलो. माझ्या आज्याने सारी हयात हलगी वाजवली. मांगवाड्यातून त्याची हलगी आल्याशिवाय गावात लग्न लागत नव्हते, जत्रा भरत नव्हती. त्याच्याच जातकुळीच्या माणसाचे नाव जगभर शिवीसारखे फिरते आहे, आणि मी प्राध्यापक म्हणवणारा त्याचा अर्थ पोरांना चुकीचा सांगून आलो होतो.

चुकीचा का, ते सांगतो. वाळीत टाकतात ते आपल्यातल्याला. जातपंचायत एखाद्याचा हुक्कापाणी बंद करते, त्याने दंड भरला की परत घेते. अस्पृश्याला कोणी वाळीत टाकलेले नसते. तो गावकुसाबाहेर असतो, पण गावाच्या कामातून त्याची सुटका नसते. परैयरांचे नेमके हेच होते. तंजावरच्या राजराज चोळाच्या अकराव्या शतकातील शिलालेखांत 'परैच्चेरी', म्हणजे परैयरांची वेगळी वस्ती, नोंदलेली आहे. कावेरीकाठची भातशेती त्यांच्या अंगमेहनतीवर उभी होती, आणि त्यांतले कित्येक जमीनमालकांचे पिढीजात दास होते. कंपनी सरकारने १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली, तरी शेतावरची बांधिलकी सुटली नाही. ज्याला हाकलून दिले असते तर बिचारा सुटला तरी असता, त्याला धरून ठेवलेले होते!

युरोपला मात्र हाकललेला माणूसच दिसला. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज दुआर्ते बार्बोसाने या लोकांची नोंद केली. सतराव्या शतकात शब्द इंग्रजीत आला. मद्रासला गोऱ्यांच्या घरी परैयर नोकर असत, म्हणून असंख्य जातींपैकी याच एका जातीचे नाव त्यांच्या तोंडी बसले आणि साऱ्या अस्पृश्यांना लागू झाले. युल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात ही गफलत नोंदवलेली आहे. पण गफलत कळली म्हणून शब्द थांबत नसतो. हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी गल्लीतल्या बेवारशी कुत्र्याला 'पारिया' कुत्रा म्हटले, आपल्या डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या घारीला 'पारिया' घार म्हटले. पक्ष्यांच्या पुस्तकांत ही नावे चांगली विसाव्या शतकापर्यंत टिकली.

फ्रेंचांनी शब्दाला शिवी न करता अश्रू केले. बर्नार्दां द सें-पिएर याची 'हिंदी झोपडी' ही कथा १७९१ ची, क्रांतीच्या ऐन धामधुमीतली. त्यात सत्याच्या शोधात निघालेला इंग्रज विद्वान जगन्नाथाच्या मुख्य ब्राह्मणाकडून निराश होऊन परततो, वादळात एका पारियाच्या झोपडीत आसरा घेतो, आणि खरे शहाणपण त्याला तिथे भेटते. ब्राह्मणापेक्षा पारिया थोर, हे त्या काळी लिहिणे लहान गोष्ट नव्हे. पण हा पारिया रानात बायको-मुलासह साऱ्यांपासून दूर राहतो. त्याला वाडा नाही, भाऊबंद नाहीत, मालक नाही, वाद्यही नाही. पुढे १८२१ मध्ये काझिमिर देलाव्हीन्यचे 'पारिया' नाटक पॅरिसच्या रंगभूमीवर आले. त्यातला जात लपवलेला वीर थेट बनारसमध्ये वावरतो. तामिळ मुलखातला परैयर काशीला कसा पोचला, हे विचारायला प्रेक्षकांत परैयर थोडेच होते?

तरीही या फ्रेंच अश्रूंना मी मोडीत काढत नाही. फ्लोरा त्रिस्तां या बाईने १८३८ च्या आपल्या प्रवासवर्णनाच्या नावातच स्वतःला पारिया म्हटले. आईबापांचे लग्न कायद्याने न मानल्यामुळे वारसा हुकलेली, जुलमी नवऱ्यापासून पळालेली बाई. तिने अपमानाचा शब्द दुसऱ्यासाठी हळहळायला वापरला नाही, स्वतःच्या अंगावर घेतला. पुढे १९४४ मध्ये हाना आरेन्ट यांनी ज्यूंबद्दल लिहिताना हाच धागा पकडला: आपण पारिया आहोत हे जाणून बंड करणारा वेगळा, आणि ते लपवून वरच्यांत घुसू पाहणारा वेगळा. आमच्यातल्या नोकरदारांनी हा भेद जरूर वाचावा. मी स्वतःला त्यातून वगळत नाही.

आणि खुद्द परैयर? रेट्टमलै श्रीनिवासन यांनी १८९३ मध्ये पत्र काढले, त्याचे नाव ठेवले 'परैयन'. हेच श्रीनिवासन पुढे बाबासाहेबांबरोबर गोलमेज परिषदेत बसले. उलट अयोथी दास पंडितांनी हे नावच नाकारले. आपले लोक मूळचे बौद्ध, हे नाव शत्रूंनी चिकटवलेले, अशी त्यांची मांडणी. मग १९२२ साल उजाडले. जानेवारीत मद्रास कायदेमंडळात एम. सी. राजा यांच्या प्रयत्नाने ठराव झाला: सरकारी दप्तरातून 'परैयर' आणि 'पंचम' ही नावे काढा, 'आदि द्रविड' लिहा. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये पॅरिसला फ्रेंच वसाहतींतल्या तरुणांनी पत्र काढले, 'ल पारिया'. त्यात लिहिणारा एक कृश व्हिएतनामी तरुण पुढे हो चि मिन्ह म्हणून जगाला माहीत झाला.

ज्यांचे नाव त्यांनी ते टाकले, आणि ज्यांचे नव्हते त्यांनी उचलले. तेही तीन महिन्यांच्या अंतराने. मला यात विसंगती दिसत नाही. पॅरिसमधल्या तरुणाला 'पारिया' म्हणवून घेतल्यावर कोणी विहिरीवरून हुसकत नव्हते. मद्रासमधल्याला दप्तरातला तो शब्द शाळेपासून स्मशानापर्यंत पुरत होता. मात्र वर्णद्वेषी राजवटीला 'पारिया' म्हणणाऱ्यांना मला विचारावेसे वाटते, की जुलूम करणाऱ्याला हिणवायला तुम्हाला जुलूम सोसणाऱ्याचेच नाव का सापडले?

दुसऱ्या दिवशी वर्गात आधी माझी चूक दुरुस्त केली. रविवारी गावी गेलो तेव्हा वडिलांना हे सगळे सांगितले. त्यांनी कधी हलगी हातात धरली नाही. आज्यानेच धरू दिली नव्हती. फ्रान्स, इंग्लंड त्यांनी मुकाट ऐकून घेतले. मग म्हणाले, "ती त्यांची परै, वाजवायच्या आधी जाळावर तापवावी लागती का रं?"

"लागते," मी म्हणालो.

"मग हलगीच की ती."