काडीमोड झाली, वाटणी राहिली

भावाभावांची वाटणी कशी होते, हे खेड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. पंच बसतात, तलाठ्याकडचा उतारा निघतो, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरतात, बांधावरच्या आंब्यावरून दोन दिवस घोळ होतो आणि शेवटी गोष्ट तांब्याभांड्यांपर्यंत येते. धाकटा शेतात किती राबला, थोरल्याने नोकरीतून किती पैसे धाडले, असा हिशेब कोणी काढलाच, तरी बहुधा वाटे समान पडतात. आता मला सांगा, वीस-पंचवीस वर्षे एका चुलीवर जेवलेली नवराबायको वेगळी झाली, तर त्यांची अशी वाटणी करायला पंच बसलेले तुम्ही कधी पाहिलेत का? पोटगीसाठी बसतात. मुलं कोणाकडे राहावीत यासाठी बसतात. वाटणीसाठी मात्र नाही. असे का झाले, त्याची हकीगत आज आपण पाहू. बोलणे मुख्यतः हिंदू कायद्याविषयी होईल. मुसलमान बांधवांत मेहेर हा बायकोचा स्वतंत्र हक्क असतो, आणि त्याचा इतिहास निराळा आहे.

आपल्याकडे लग्न मोडत नसे, हा समज पांढरपेशांचा. कितीतरी जातींत काडीमोड होती. जातीसमोर काडी मोडली की संबंध तुटला, आणि बाईला पाट लावायला मोकळीक मिळाली. पण त्या वेळी मालमत्तेचे काय होई, ते पाहा. पहिल्या घरचे दागिने बहुतेक ठिकाणी बाईला परत करावे लागत. पाट लावणाऱ्याने पहिल्या नवऱ्याला लग्नाचा खर्च भरून द्यावा, अशीही चाल कित्येक जातींत होती. म्हणजे बाई निघाली की हिशेब होई खरा, पण तो नवऱ्याचे काय गेले याचा. तिने त्या घरात काय घातले, हे विचारायची रीतच नव्हती.

पुढे इंग्रजी न्यायालये आली आणि त्यांनी जातीचा हा अधिकारही आखडला. नवऱ्याच्या संमतीवाचून जातीने बाईला मोकळे करावे, ही चाल मुंबईच्या उच्च न्यायालयाने १८६४ साली मानली नाही. १९१५ साली दुसऱ्या एका दाव्यात, जातीने ठरवलेली रक्कम भरली की एका पक्षाने दुसऱ्याच्या मर्जीविरुद्ध लग्न मोडावे, ही चालही नीतीला धरून नाही म्हणून रद्द ठरवली. न्यायमूर्तींचा हेतू कदाचित चांगला असेल. पण गरिबाघरच्या बाईला जी एक फट होती, ती त्यामुळे अरुंद झाली, असे माझे मत आहे.

शास्त्रात बाईचे म्हणून एक धन होते, ते स्त्रीधन. लग्नात अग्नीसमोर मिळालेले, माहेरहून आलेले, भावाने दिलेले. ते तिचेच. मात्र याज्ञवल्क्य स्मृतीने त्याला एक दार ठेवले होते: दुष्काळात, धर्मकार्यासाठी, आजारपणात किंवा नवरा अटकेत पडला असता त्याने ते घेतले, तर परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही. दुष्काळात बायकोच्या पाटल्या सावकाराकडे ठेवलेल्या घरांना ही ओळ समजावून सांगावी लागणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली हे स्पष्ट केले, की स्त्रीधन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या हाती असले तरी ते केवळ सांभाळण्यासाठी असते, आणि बाईने मागितल्यावर ते न देणे हा विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो.

आता मुंबईची रखमाबाई आठवा. शिक्षकांनी वर्गात ही गोष्ट जरूर सांगावी. मात्र नुसती धाडसाची गोष्ट म्हणून न सांगता पैशाची गोष्ट म्हणूनही सांगावी. रखमाबाईचा जन्म १८६४ सालचा. वडील वारल्यावर आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला, आणि त्याआधी पहिल्या नवऱ्याकडून आलेली मिळकत मुलीच्या नावे करून दिली. अकराव्या वर्षी रखमाबाईचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लागले. ती नांदायला गेलीच नाही. १८८४ साली दादाजीने फिर्याद लावली. त्याचा डोळा या मिळकतीवर आहे, असे तिच्या बाजूचे म्हणणे होते. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला, की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोग. तिने कैद पत्करायची तयारी दाखवली. अखेर १८८८ साली तडजोड झाली. दादाजीने दोन हजार रुपये घेऊन हुकूम बजावण्याचा हक्क सोडला.

पैसा कुठून कुठे गेला, ते लक्षात घ्या. एक दिवसही न नांदलेल्या बाईकडून नवऱ्याकडे गेला! पुढे ती विलायतेत शिकून डॉक्टर झाली आणि सुरत, राजकोट येथे तिने आयुष्यभर काम केले. २५ सप्टेंबर १९५५ रोजी ती वारली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा आला होता.

त्या कायद्याआधीही आपल्याकडे काही पावले पडली होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली घटस्फोटाचा कायदा केला, बडोद्यात सयाजीरावांनी १९३१ साली, आणि मुंबई राज्याने १९४७ साली. दिल्लीत डॉ. आंबेडकरांनी हिंदू संहितेचे विधेयक नेटाने पुढे रेटले. ते अडवले गेले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. नंतर त्याच विधेयकाचे तुकडे करून ते मंजूर झाले. त्यातल्या विवाहाच्या कायद्याने घटस्फोट दिला, पोटगी दिली, आणि २७ व्या कलमात, लग्नात दोघांना मिळून आलेल्या वस्तूंचा निवाडा करण्याचा अधिकार न्यायालयाला दिला. लग्नाच्या आगेमागे आलेल्या, पण लग्नाशी संबंध असलेल्या वस्तूही त्यात धराव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली एका दाव्यात सांगितले. म्हणजे आहेराच्या भांड्यांची, दागिन्यांची वाटणी होते. संसार करताना झालेल्या घराची होत नाही.

याच्या शेजारी विधवेचा कायदा ठेवून पाहा. डॉ. गोपाळराव देशमुखांच्या खटपटीने १९३७ साली विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलाइतका वाटा मिळाला, तो हयातीपुरता. १९५६ साली ती पुरी मालक झाली. एकूण कायदा असा झाला: नवरा मेला तर वाटा, नवरा सोडला तर पोटगी.

हे प्रत्यक्षात कसे होते, ते पाहण्यासाठी मुंबईच्या उपनगरांचे उदाहरण घेऊ, कारण तिथे शेत नाही, गोठा नाही; राहता ब्लॉक हीच बहुतेकांची सारी इस्टेट. अंधेरी, घाटकोपर १९५० साली बृहन्मुंबईत आली, बोरिवली, मुलुंड १९५७ साली. चाळीतून उठून माणसे इकडे आली, सहकारी गृहरचना संस्था निघाल्या. समजा, बोरिवलीत एका जोडप्याने घर घेतले. दोघेही नोकरीला. कर्ज नवऱ्याच्या नावे, म्हणून हप्ता त्याच्या पगारातून जातो. संस्थेच्या भागपत्रावरही त्याचेच नाव. बाईच्या पगारातून किराणा, दूध, शाळेची फी, सासूचे औषध. कोणीही मुद्दाम डाव टाकलेला नसतो. सोय म्हणून असे ठरते. वीस वर्षांनी दोघे न्यायालयात उभी राहिली की हप्त्याच्या सगळ्या पावत्या नवऱ्याजवळ असतात, आणि बाईने आणलेले धान्य केव्हाच शिजून संपलेले असते. शिजलेल्या भाताची पावती कुठून आणायची? आणि जी बाई नोकरी न करता घरच सांभाळते, तिच्याकडे तर किराण्याच्या बिलावर दाखवायलाही स्वतःचे नाव नसते.

वांद्र्याचे कुटुंब न्यायालय १९८९ साली सुरू झाले. नवराबायकोच्या मालमत्तेचे वाद ऐकण्याचा अधिकार त्याला १९८४ च्या कायद्याने आहे. पण ते न्यायालय मालकी कोणाची हे ठरवते. मालकी नव्याने वाटून देत नाही. घरात बाईने पैसे घातले असे कागदाने सिद्ध झाले तर तेवढे तिचे. २००५ च्या कायद्याने कौटुंबिक छळ सोसणाऱ्या बाईला राहत्या घरातून काढता येत नाही, आणि घर सासऱ्याच्या नावाचे असले तरी हे संरक्षण मिळू शकते, असे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. हे मोठे काम झाले. तरी राहण्याचा हक्क वेगळा आणि घरावरचे नाव वेगळे.

आता थोडे दक्षिणेकडे, गोव्यात जाऊ. त्याआधी एक आठवण देतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सारी साष्टी बेटातली गावे. मुंबई बेट १६६१ च्या तहात पोर्तुगीज राजकन्येबरोबर आंदण म्हणून इंग्रजांना मिळाले (शहराचे शहर आंदणात!), पण साष्टी पोर्तुगीजांनी आपल्याकडेच ठेवली. १७३७ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ती मराठ्यांकडे आली आणि पुढे इंग्रजांकडे गेली. गोवा मात्र १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे राहिला. म्हणून १८६७ सालचा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून गोव्यात लागू झाला, आणि अंधेरीला तो कधी आलाच नाही.

त्या कायद्यात असे आहे: लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर लग्नाबरोबर दोघांची मालमत्ता सामाईक होते. आधीची, नंतर कमावलेली, वारशाने आलेलीसुद्धा. प्रत्येकाचा निम्मा भाग. घर, जमीन विकायची तर दुसऱ्याची संमती लागते. घटस्फोट झाला की यादी होते आणि निम्मे-निम्मे वाटप होते. हप्ता कोणी भरला, भात कोणी रांधला, हा प्रश्नच उठत नाही. गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या कायद्याने हे जुने कायदे चालू ठेवले. आयकरातही गोव्याच्या नवराबायकोचे पगाराखेरीजचे उत्पन्न निम्मे-निम्मे धरतात.

पण गोवा म्हणजे बायकांचा स्वर्ग, असे समजू नका. संसारासाठी काढलेले कर्जही तिथे सामाईक होते. जुन्या कायद्यात कारभार नवऱ्याच्याच हाती होता. आणि १८८० च्या फर्मानात, पंचवीस वर्षांपर्यंत मूल झाले नाही किंवा तीस वर्षांपर्यंत मुलगा झाला नाही, तर हिंदू पुरुषाला दुसरे लग्न करता येईल, अशीही तरतूद होती. तरीसुद्धा वाटणीच्या एका प्रश्नापुरता तो कायदा आपल्यापुढे आहे, हे मान्य करावे लागेल.

एक योगायोग सांगण्यासारखा आहे. गोव्यातील एका गृहस्थाने मुंबईत राहून तिथेच मिळकत घेतली होती. त्यांच्या माघारी ती कोणत्या कायद्याने वाटायची, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये निकाल लागला, की मूळ ठिकाण गोव्याचे असलेल्या माणसाची मिळकत भारतात कुठेही असो, वारसा गोव्याच्याच कायद्याने ठरेल. प्रश्न वारशाचा होता, घटस्फोटाचा नव्हता. पण मुंबईतल्या एकाच आळीत दोन घरांना दोन कायदे लागू शकतात, हे त्यातून दिसले.

आपल्या कायद्यात असा बदल करण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे नाही. घटस्फोटात बायकोला नवऱ्याच्या स्थावर मिळकतीत हिस्सा देणारे विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले. लोकसभेत ते आले नाही, आणि २०१४ साली सभागृहाची मुदत संपल्यावर बारगळले. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, नवरा परदेशात कमवीत असताना घर सांभाळणाऱ्या बायकोच्या कष्टांनाही मिळकतीत हिस्सा आहे असे मानले. तोही दावा घटस्फोटाचा नव्हता.

कायद्याची वाट न पाहता आपल्याच खेड्यांनी एक वाट काढली होती, ती विसरू नये. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९८९-९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. ज्या गावात निदान शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करतील, ते गाव लक्ष्मीमुक्त. जळगाव जिल्ह्यातले विटनेर त्यात पुढे होते. सातबाऱ्यावर नाव चढवायला कुठल्या न्यायाधीशाची गरज पडली नाही. शहरातही भागपत्रावर आणि खरेदीखतावर दोघांची नावे घालता येतात, सराफाची पावती बाईच्या नावाने घेता येते, ब्लॉकच्या अनामत रकमेसाठी पाटल्या मोडल्या तर तसा कागद करून ठेवता येतो. नवे लग्न झालेल्या घरात हे बोलणे अभद्र वाटते, हे मला ठाऊक आहे. विमा उतरवतानाही पूर्वी तसेच वाटत असे.

न्यायालयात आता एक नवी रीत आली आहे. नागपूरकडच्या एका पोटगीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये आज्ञा केली, की पोटगीचा प्रश्न निघाला की नवरा आणि बायको दोघांनीही आपले उत्पन्न, खर्च, मालमत्ता आणि कर्ज यांचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे. भावांच्या वाटणीत जशी पहिल्या दिवशी यादी होते, तशी ही यादी. घर, शेत, ठेवी, सोने, सारे तिच्यात येते. फरक एवढाच, की ती यादी अजून पोटगीचा आकडा ठरवण्यासाठी होते, आणि ती वाचून झाल्यावर घर ज्याच्या नावावर असते, त्याच्याच नावावर राहते.