बलुते, मान आणि मोबदला

सुगीच्या दिवसांत कुणब्याचे खळे लागले, की गावचे बलुतेदार आपापल्या हक्काच्या पेंढ्या नेण्यासाठी तेथे जमत. आणि कोणाला किती मिळावे हे त्या वर्षी कोणी किती राबले यावरून नव्हे, तर थोरली, मधली व धाकटी या तीन ओळींपैकी तो कोणत्या ओळीचा, यावरून ठरे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे साक्षेपाने वर्णन केले आहे.

मोबदला असा आधीच मुक्रर झालेला असताना सुताराने काम मन लावून का करावे? याचे उत्तर पाभरीपाशी सापडते. चाड्याची भोके सारखी पडली नाहीत, तर एका तासात बी दाट आणि शेजारच्या तासात विरळ पडते, आणि पेरणीच्या घाईत कोणाच्या ध्यानात न आलेला हा दोष उगवणीनंतर सबंध शिवाराला दिसतो. तो राहू नये म्हणून भोकात बोट फिरवून पाहणाऱ्या आणि ते पुन्हा एकदा हलक्या हाताने तासणाऱ्या सुताराला एक पेंढीही जास्त मिळत नसे. काम साधल्याचे समाधान हेच त्या जादा श्रमाचे वेतन, आणि ते मला खळ्यावरच्या धान्याइतकेच खरे वाटते.

परंतु या समाधानाचा आणि वतनाच्या मानाचा जो गौरव आपण करतो, त्याला महारवतनाची हकीकत वाचल्यावर आवर घालावा लागतो. साऱ्याचा भरणा कचेरीत पोहोचविणे, गावी आलेल्या अंमलदाराची सरबराई करणे, मेलेली जनावरे ओढणे अशी कामे रात्रंदिवस अंगावर. कर्ता पुरुष हजर नसला तर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी हजेरी देणे भाग. आणि या सर्वांबद्दल तुटपुंजी इनाम जमीन, बलुते व नाममात्र मुशाहिरा. ज्या चाकरीतून सुटताच येत नाही, तिच्यातील निष्ठेची थोरवी गाण्याचा अधिकार चाकरी घेणाऱ्याला कसा पोहोचतो? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडले, त्यात मानाची याचना नव्हती; बलुत्याऐवजी रोख रक्कम मिळावी आणि ज्याला चाकरी नको असेल त्याला पूर्ण सारा भरून जमीन राखता यावी, एवढी साधी मागणी होती. ते विधेयक मागे घ्यावे लागले. कनिष्ठ ग्रामवतने खालसा करणारा कायदा १९५८ चा. मधल्या तीस वर्षांत चावडीचे बोलावणे महारवाड्यात येतच राहिले.