माळरानाचे कर्बखाते

न्हावऱ्याहून चौफुल्याकडे जाताना उसाचे पट्टे संपले की मुरमाड माळ लागतो. त्यावर झाडे लावा, ती कर्ब शोषतील आणि त्याची कर्बश्रेये, म्हणजे दुसऱ्याच्या उत्सर्जनाची भरपाई म्हणून चालणाऱ्या पावत्या, विकून गावाला पैसा मिळेल, असे हल्ली जाणकार म्हणवणारे हिरिरीने सांगतात. हा पक्ष अगदीच निराधार नाही. लाकडात कर्ब साठतो हे खरे, आणि क्योटो कराराच्या स्वच्छ विकास यंत्रणेने वनीकरणाला बाजारात जागाही दिली होती.

पण ती कोणत्या अटीवर? २००३ मध्ये मिलानला ठरलेल्या नियमांनुसार ही श्रेये मुदतीची होती. मुदत संपली की घेणाऱ्याने ती दुसऱ्या श्रेयांनी भरून द्यायची. युरोपच्या २००५ पासूनच्या उत्सर्जन बाजाराने तर ती घेतलीच नाहीत. कोळशातून निघालेला कर्बवायू शतकानुशतके हवेत राहतो. झाड एका दुष्काळात वाळते, एका वणव्यात जळते. कायमच्या देण्यापोटी उसनवारीची पावती कशी चालावी?

मुळात माळावर काही नाही, हे गृहीतच खोटे. कुसळी, पवन्या, मारवेल यांचा कर्ब मुख्यतः मुळांत आणि मातीत असतो. वरचे गवत पेटले तरी तो बव्हंशी टिकतो. झाडांसाठी चर खणले, खड्डे घेतले की माती उघडी पडते आणि तो कर्ब सुटू लागतो. जनावरे तोंड लावत नाहीत म्हणून गिरिपुष्प लावायचे, तर मेंढरांनी खायचे काय? धनगरांचे कळप पुढच्या माळावर सरकतात आणि तिथला चारा ओरबाडला जातो. इथे जमा धरलेला कर्ब तिथे खर्ची पडतो. वावरात मेंढरे बसवून मिळणारे लेंडीखतही आटते.

केंद्राच्या ग्रीन क्रेडिट योजनेत ऑगस्ट २०२५ पासून वृक्षलागवडीच्या श्रेयासाठी पाच वर्षांनी किमान ४० टक्के छत्रघनता, म्हणजे झाडांच्या माथ्यांनी झाकलेली जमीन, लागते. लावलेल्या रोपांऐवजी जगलेली झाडे मोजणे चांगलेच. पण एवढ्या सावलीत उन्हावर पोसणारे गवत टिकत नाही. म्हणजे माळ मोडल्यावरच श्रेय!

वनीकरणाला बाजारातून हाकला, असे नव्हे. बांधावर लिंब-बाभळी राखणाऱ्या शेतकऱ्याला आणि सह्याद्रीतले उभे जंगल जपणाऱ्या गावाला मोबदला मिळावा. माळाला श्रेय द्यायचे तर ते गवत राखल्याचे, मातीतला कर्ब मोजून आणि मुदतीचेच द्यावे. धुराड्याचे देणे मात्र धुराड्यातच कपात करून फेडावे.