दगडावरचा डाग आणि लक्षणाचा प्रश्न

आज ज्या गोष्टीविषयी बोलायचं आहे ती तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे, पण तिच्याकडे बहुतेकांनी लक्ष दिलेलं नाही. गडाच्या पायऱ्या, देवळाचा जुना चौथरा, घाटातला उघडा कातळ घ्या. त्यावर राखाडी, पिवळट, काळे डाग दिसतात. कुणीतरी रंग सांडावा आणि तो वाळून भेगाळावा, तसे. हे शैवाक. त्यांतल्या काहींना आपल्या स्वयंपाकघरात दगडफूल म्हणतात. (गोड्या मसाल्यात पडणारं दगडफूल बहुतेक झाडाच्या सालीवरून काढलेलं असतं, दगड नावापुरताच. पण ते असो.)

मला बोलायचं आहे ते 'हा डाग कोणता?' या साध्या प्रश्नाच्या इतिहासाबद्दल. वनस्पतिशास्त्राच्या मंडळींनी माफ करावं, मी त्यांच्या अंगणात न्यायशास्त्राच्या दारानं शिरतो आहे. आपल्याकडे तर्काच्या अभ्यासाला बसलेल्या विद्यार्थ्याला लक्षणाचे तीन दोष आधी शिकवतात. गाय म्हणजे तांबूस रंगाचा प्राणी, असं म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगं असलेला प्राणी म्हटलं तर म्हैस आत येते, ही अतिव्याप्ती. आणि गाय म्हणजे एका अखंड खुराचा प्राणी म्हटलं तर एकही गाय त्यात बसत नाही, हा असंभव. ही तीन नावं लक्षात ठेवा. शैवाकांच्या अभ्यासकांनी दीडशे वर्षांत हे तिन्ही दोष भोगले आहेत.

लिनियसनं १७५३ साली शैवाकांची बोळवण एकाच प्रजातीत केली. त्याला त्यांच्यात फारसा रस नव्हता. त्याचा शिष्य एरिक आकारियस हा स्वीडनमधल्या वाडस्टेना गावचा डॉक्टर. त्यानं भिंग घेऊन हा पसारा आवरायला घेतला आणि १८१० पर्यंत शैवाकांचं स्वतंत्र शास्त्र उभं केलं. कायक कसं आहे, त्यावरच्या बश्यांसारख्या फळांना कडा आहे का, त्या कडेचा रंग देहाचा की फळाचा, असं तो पाहत होता. झुडपासारख्या आणि पानांसारख्या शैवाकांना हे पुरतं. दगडावरच्या पापुद्र्यांना मात्र पुरत नाही.

का पुरत नाही? एक तर ते दगडापासून सुटतच नाहीत. छिन्नी-हातोडी घेऊन दगडाचा कपराच काढावा लागतो. काही तर चुनखडीच्या आतच राहतात. बाहेर दिसतात ती फक्त सुईच्या टोकाएवढी भोकं. दुसरं, ज्यावरून ओळखायचं ते फळ मिलिमीटरभर, तेही कधी असतं, कधी नसतं. आणि रंगाचं काय सांगावं! झँथोरिया पॅरिएटिना नावाचं एक शैवाक युरोपात किनाऱ्यालगतच्या खडकांवर आणि भिंतींवर असतं. उन्हात भगवं-पिवळं दिसतं. तेच सावलीत वाढलं तर राखाडी-हिरवं. म्हणजे 'पिवळं ते झँथोरिया' ही अव्याप्ती. शेजारीच कँडेलारिएला नावाचं दुसरं पिवळं शैवाक असतं, म्हणजे अतिव्याप्तीही झाली.

मग सूक्ष्मदर्शक आला. व्हेरोनाचा मासालोंगो आणि ब्रेस्लाउचा क्योर्बर यांनी १८५०च्या दशकात फळं चिरून बीजाणू पाहिले. एका पिशवीत आठ की शंभराहून जास्त, एका कप्प्याचे की अनेक कप्प्यांचे. दगडावरच्या शैवाकांची ओळख खऱ्या अर्थानं इथून सुरू झाली. मासालोंगोच्या १८५२च्या ग्रंथाच्या नावात पापुद्रेदार शैवाकांची 'स्वायत्तता' असा शब्द आहे. त्याला प्रजातींची स्वायत्तता म्हणायची होती. पण पंधरा वर्षांनी जे घडलं ते पाहता त्या शब्दाची गंमत वाटते.

त्याआधी विल्यम न्यूलांडर. हा या कथेतला मला सगळ्यांत जवळचा माणूस. फिनलंडचा, हेलसिंकीतली प्राध्यापकी सोडून पॅरिसला गेला आणि तिथंच १८९९ मध्ये वारला. स्वभावानं भांडकुदळ, शेवटी अगदी एकटा. १८६६ साली त्यानं कॉस्टिक पोटॅशचा थेंब आणि ब्लीचिंग पावडरचं पाणी शैवाकांवर टाकून रंग बदलतो का, हे ओळखीचं साधन म्हणून मांडलं. झँथोरियावर पोटॅश टाका, क्षणात किरमिजी-जांभळा. कँडेलारिएला तसं जांभळं होत नाही. भगव्या-पिवळ्या डागांचा तंटा एका थेंबात मिटला. त्याच वर्षी त्यानं आणखी एक गोष्ट नोंदवली: पॅरिस शहरातून नाहीशी झालेली शैवाकं लक्झेंबर्ग बागेत अजून टिकून आहेत, म्हणजे हवेची प्रत यांच्यावरून कळते. तीस वर्षांनी ती बागेतूनही गेली.

थेंबाच्या परीक्षेवर वाद झाला, आणि तो वाद पोकळ नव्हता. दोन डाग सर्व अंगांनी सारखे, फक्त एक लाल होतो, एक होत नाही. या दोन जाती म्हणायच्या का? रंग बदलणं हे लक्षण की नुसती खूण? या प्रश्नाचा निकाल आजही प्रत्येक गटात वेगवेगळा लागतो. पुढे जपानमध्ये आसाहिना यांनी त्या रंगांमागची द्रव्यं ओळखायच्या रीती बसवल्या, तेव्हा निदान आपण काय पाहतो आहोत हे तरी कळलं.

आता १८६७. स्विस शास्त्रज्ञ सिमॉन श्वेंडेनरनं एका सभेत सांगितलं की शैवाक ही एक वनस्पती नाहीच. ते कवक आहे, आणि त्यानं आपल्या जाळ्यात हिरवी शैवलं धरून ठेवली आहेत. तोवर सगळे समजत होते की आतल्या हिरव्या पेशी शैवाकाच्या स्वतःच्या आहेत. म्हणजे 'शैवाक ही अमुक प्रकारची एक वनस्पती' हे जे मूळ लक्षण, ते एकाही शैवाकाला लागू पडत नव्हतं. शुद्ध असंभव! एका खुराची गाय!

न्यूलांडरनं हे मरेपर्यंत मान्य केलं नाही. त्याला हट्टी म्हणून हसणं सोपं आहे. पण त्याच्या जागी उभं राहून पाहा. त्याच्या संग्रहात ५०,०००हून अधिक नमुने होते, ते आज हेलसिंकीत आहेत. प्रत्येकाला एक नाव. हे दोन जीवांचे संसार असतील, तर नाव कुणाचं? ओळखलं कुणाला? त्याचं उत्तर चूक होतं, प्रश्न चूक नव्हता. १८७७ मध्ये एर्न्स्ट श्टालनं कवक आणि शैवल एकत्र आणून शैवाक वाढवून दाखवलं, तेव्हा वस्तुस्थितीचा निकाल लागला. नावाचा निकाल लागायला विसाव्या शतकाचं मध्य उजाडलं. वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनं ठरवलं की शैवाकाला दिलेलं नाव त्यातल्या कवकाचं समजावं. शैवलाला त्याचं वेगळं नाव. आणि दोघं मिळून जे काही होतं, त्याला नावच नाही! तोडगा कारकुनी आहे, पण त्यावर काम चालतं. २०१६ मध्ये टोबी श्प्रिबिल आणि सहकाऱ्यांना काही शैवाकांच्या सालीत यीस्टसारखं तिसरं कवक सापडलं. नंतर ३३९ जाती तपासल्यावर दिसलं की ते सगळ्यांत नसतं.

आपल्याकडे हे काम लखनौचे धरणीधर अवस्थी यांनी केलं. पानांसारख्या-झुडपांसारख्या मोठ्या शैवाकांची ओळखसूची १९८८ ची, आणि पापुद्र्यांची १९९१ ची. सोपं आधी, अवघड नंतर, हा क्रम इथंही चुकला नाही. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत पटवर्धन, मखिजा यांनी सह्याद्रीतले नमुने जमवले.

कुणी विचारेल, एवढा खटाटोप कशासाठी? ऑस्ट्रियाचे रोलांड बेशेल यांनी १९५० मध्ये एक रीत मांडली. हिमनदी मागे सरकली की उघड्या पडलेल्या धोंड्यांवर शैवाकं रुजतात आणि वर्षाला मिलिमीटरहूनही कमी वाढतात. साल कोरलेल्या जुन्या थडग्यांवर वाढीचा वेग काढायचा, मग धोंड्यावरच्या सर्वांत मोठ्या डागाचा व्यास मोजायचा. बर्फ कधी हटलं ते कळतं. यासाठी सर्वांत जास्त वापरतात ते नकाशासारखं दिसणारं हिरवट-पिवळं ऱ्हायझोकार्पन जिओग्राफिकम. आता अडचण पाहा. त्याच्याच शेजारी ऱ्हायझोकार्पन अल्पिकोला असतं. रंग तसाच, काळी किनार तशीच, वाढीचा वेग मात्र वेगळा. शिवाय दोन डाग वाढत वाढत एकमेकांना भिडले तर लांबून एकच मोठा डाग दिसतो, आणि हिमनदी कागदावर शेकडो वर्षं जुनी होऊन बसते. पुष्कळ लोक डोंगरावर हा भेद करत नाहीत, सरसकट 'जिओग्राफिकम गट' असं लिहून मोकळे होतात. ज्याला खात्री हवी त्यानं एक कण फोडून काचेवर घ्यावा आणि आयोडीन लावावं. आतला गर निळा झाला आणि बीजाणू अनेक कप्प्यांचे असले तर जिओग्राफिकम. निळा झाला नाही आणि बीजाणू दोनच कप्प्यांचे निघाले तर अल्पिकोला. व्यास त्यानंतर मोजायचा.