अंकाचा प्रकार व अंकाचे मूल्य : हट्टा परिसरातील निजामकालीन नोंदींच्या निमित्ताने

हट्टा हे वसमत तालुक्यातील गाव आज हिंगोली जिल्ह्यात मोडते. १ मे १९९९ रोजी हा जिल्हा स्वतंत्र होण्यापूर्वी ते परभणी जिल्ह्यात होते आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. एवढा स्थलनिर्देश येथे पुरेसा आहे. कारण प्रस्तुत टिपणाचा विषय त्या गावाचा इतिहास हा नसून, त्या मुलखातील कागदांवरचे आकडे संगणकात उतरविताना त्यांच्या अर्थाचे काय होते, हा आहे. मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी तपासण्यासाठी २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेल्यापासून मोडी, उर्दू व फारसी कागदांकडे लोकांचे लक्ष पुन्हा वळले आहे. दप्तरातला आकडा कोष्टकात जाऊन बसला की मूळ कागद पुन्हा कोणी पाहील याचा भरवसा नसतो.

समजा, हट्टा येथील एखाद्या कागदावर ‘१२-८’ असे लिहिलेले आढळले. ही रक्कम असेल तर ती बारा रुपये आठ आणे, म्हणजे दशमान पद्धतीने साडेबारा रुपये. हे क्षेत्र असेल तर बारा एकर आठ गुंठे. एकराचे गुंठे चाळीस, म्हणून ते १२.२० एकर. अजाण लेखनिकाने मधल्या आडव्या रेघेचे टिंब केले तर १२.८ हा तिसराच अंक जन्मास येतो, आणि कोष्टके करणारी आजची यंत्रणा त्यास न विचारता १२ ऑगस्ट ठरविण्याचाही संभव असतो. (हा शेवटचा प्रमाद काल्पनिक नाही. कोष्टकात तारीख बनतात म्हणून २०२० साली मानवी जनुकांपैकी कित्येकांची नावेच शास्त्रज्ञांनी बदलली.) अक्षरे तीच, मूल्ये चार.

येथे दोन तपासण्या वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली मूल्याची : आणे पंधरापेक्षा अधिक असू शकत नाहीत, पया अकरापेक्षा अधिक नाहीत, गुंठे एकोणचाळीसपेक्षा अधिक नाहीत. ‘१२-२०’ असे दिसले तर ते रुपये-आणे नव्हेत, इतके ही तपासणी सांगते. परंतु ‘१२-८’ या सर्व कसोट्यांस उतरतो आणि तरीही तो काय आहे हे कळत नाही. त्यासाठी दुसरी, प्रकाराची तपासणी लागते. आमच्या मते पहिली तपासणी दुसरीची जागा कधीही घेऊ शकत नाही. आणि व्यवहारात नेमकी हीच गफलत सर्वाधिक होते.

सनावळीचे उदाहरण याहून बोलके आहे. ‘१३५६’ हा आकडा घ्या. विसाव्या शतकात हैदराबाद संस्थानातील सरकारी फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू होई. त्या गणनेने १३५६ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४६ ते ऑक्टोबर १९४७. तोच आकडा हिजरी मानला तर मार्च १९३७ ते मार्च १९३८. उभय वर्षांत साडेनऊ वर्षांचे अंतर पडते, आणि दोन्ही काळ निजामी अमलातलेच असल्याने ‘हे वर्ष संभवनीय आहे काय?’ या प्रश्नास दोन्हीकडून होकारच येतो. बरे, ‘फसली’ हा शब्द लिहिलेला असला म्हणजे भागले असेही नाही. दख्खनी फसली शाहजहानच्या काळात हिजरी १०४६, म्हणजे इ. स. १६३६ पासून वेगळी चालली. उत्तरेकडील फसली तिच्याहून दोन वर्षे मागे पडते. उत्तर प्रदेशाच्या १९५० च्या जमीनदारी निर्मूलन कायद्यात ज्या १३५६ फसलीच्या खसऱ्यास एवढे महत्त्व आले, ते वर्ष १९४८-४९ होय. म्हणजे प्रकारालाही पोटप्रकार असतात, आणि तेही नोंदवावे लागतात.

जुन्या मराठी कारकुनांस याची जाण होती असेच म्हणावे लागते. ते आकड्याआधी ‘शके’ लिहीत आणि आकड्यानंतर संवत्सराचे नाव देत. शकात बारा मिळवून साठाने भागले असता उरणारी बाकी संवत्सराचा क्रमांक देते : १५९६ मध्ये १२ मिळविले की १६०८, बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावे संवत्सर आनंद. शिवराज्याभिषेकाचे हेच संवत्सर. शुहूर सन तर ते अरबी अंकवाचक शब्दांत लिहीत, त्यामुळे तो शकाशी मिसळण्याचा प्रश्नच उरत नसे. प्रकाराची घोषणा आधी व मूल्याची पडताळणी नंतर, अशी ही रीत होती. हैदराबादी चलनाबाबतही तीच सावधगिरी दिसते. रकमेपुढे ‘हाली’ की ‘कलदार’ हे लिहिणे आवश्यक असे, कारण सरकारी दराने १०० कलदारास ११६ रुपये १० आणे ८ पै हाली पडत, म्हणजे सहास सात. पैनगंगेपलीकडे इंग्रजी अमलाखालच्या वऱ्हाडात कलदार चाले. हट्ट्याचा ७०० रुपयांचा हाली कर्जरोखा आणि वाशीमचा ६०० रुपयांचा कलदार रोखा हे सारख्याच ऋणाचे होत. त्यांची बेरीज १३०० मांडणारा अभ्यासक मात्र कशाचे तेराशे हे सांगू शकणार नाही.

या नियमाचे शास्त्रीय रूप भास्कराचार्यांच्या बीजगणितात, म्हणजे बाराव्या शतकातच आढळते. अव्यक्त राशींस ते यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे देतात आणि समान जातीच्या राशींचीच बेरीज-वजाबाकी करावी, भिन्न जातीच्या पृथक् ठेवाव्या, असा दंडक घालतात. लीलावतीचा आरंभही नाणी, वजने, लांबी, धान्याची मापे व काल यांच्या परिभाषेनेच होतो, गणित त्यानंतर.

संगणकाने ही शिस्त प्रथम गमावली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेले ‘टिफ्रॅक’ १९६० साली कार्यान्वित झाले. त्यासारख्या यंत्राच्या स्मृतीतील एखादे घर पाहून तेथे संख्या आहे की आज्ञा, हे सांगता येत नाही. फोरट्रानमध्ये (१९५७) चलाच्या नावाचे आद्याक्षर आय ते एन यांपैकी असले की तो पूर्णांक, अन्यथा नाही, असा संकेत होता. अल्गोल-६० ने प्रत्येक चलाच्या प्रकाराची स्पष्ट घोषणा सक्तीची केली, आणि निक्लाऊस विर्ट यांच्या पास्कलने (१९७०) ‘० ते १५’ अशी मूल्याची मर्यादाच प्रकाराचा भाग बनविली. आपले आणे त्या भाषेत सुखाने नांदले असते!

तरीही अपघात टळले नाहीत. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ हे अग्निबाण उड्डाणानंतर लवकरच नष्ट झाले. ६४ बिटांची अपूर्णांकी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबली गेली व ती मावली नाही. हा दोष मूल्यमर्यादेचा. सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाकडे गेलेले अमेरिकेचे हवामान-यान नाहीसे झाले, ते एका आज्ञावलीने पौंडाच्या मापात दिलेले अंक दुसरीने न्यूटनच्या मापात वाचल्यामुळे. यंत्राच्या दृष्टीने ती ‘संख्या’च होती. हाली आणि कलदार यांचीच ही गोष्ट.

आमचे विद्यार्थी आज बहुधा पायथन ही भाषा वापरतात. तीत चलाचा प्रकार आधी घोषित करावा लागत नाही. तो आज्ञावली चालू असताना मूल्याबरोबर ठरतो. म्हणून ‘१२’ व ‘८’ ही अक्षरे म्हणून आली असतील तर त्यांची ‘बेरीज’ ‘१२८’ अशी निमूटपणे होते. ‘टाइप’ व ‘इजइन्स्टन्स’ ही तपासणीची साधने भाषेतच आहेत. त्यातही एक खोच आहे : ‘इजइन्स्टन्स’ने विचारले असता सत्य-असत्य ही तार्किक मूल्येसुद्धा पूर्णांक गणली जातात, व ‘सत्य’ अधिक एक बरोबर दोन होतात. तथापि ही साधने ‘हा पूर्णांक आहे’ एवढेच सांगतील. तो फसली आहे की हिजरी, हे ती सांगणार नाहीत. तो प्रकार अभ्यासकाने स्वतः निर्माण करावा लागतो. कागदावर जसे आहे तसे अक्षररूपाने एका रकान्यात, त्याचा प्रकार दुसऱ्यात आणि रूपांतरित मूल्य तिसऱ्यात ठेवावे. मूळ रकाना कधीही पुसू नये.

राहता राहिला कोऱ्या जागेचा प्रश्न. कसर लागून आण्यांचा आकडा गेला असेल तेथे शून्य भरण्याची प्रवृत्ती सार्वत्रिक आहे. शून्य आणे ही कारकुनाने केलेली नोंद होय. न वाचता आलेले आणे ही नोंदच नव्हे. या दोहोंस पायथनमध्ये दोन भिन्न प्रकार आहेत, आणि वसमत तालुक्याच्या कोष्टकातही ते भिन्नच राहिले पाहिजेत.